तुमच्या पत्रात घड्याळ कुठेच नाही

सर,

मी ३४ वर्षांचा आहे. २२व्या वर्षी बुद्धिबळात ग्रँडमास्टर झालो. सर्वोच्च रेटिंग (खेळाच्या ताकदीचा आकडा) २५४८ होतं, आज २४६१ आहे. दोन वर्षांपासून आठ मुलांना शिकवतो. त्यांतली बारा वर्षांची एक मुलगी खरोखर गुणी आहे, पण गेले आठ महिने २०१० रेटिंगच्या आसपास अडकली आहे. हल्ला ऐन रंगात आला की ती वजिरांची अदलाबदल करून मोकळी होते आणि जिंकत आलेला डाव बरोबरीत सुटतो. मी प्रत्येक वेळी समजावून सांगतो, तिला पटतं, आणि पुढच्या स्पर्धेत पुन्हा तेच. पालथ्या घड्यावर पाणी.

गेल्या महिन्यात आम्ही दोघं एकाच हॉलमध्ये खेळत होतो. माझा डाव सोडून मी सारखा तिच्या पटाकडे जात होतो. २४व्या चालीला तिने वजीर मारून घेतला. मी परत जागेवर येऊन बसलो आणि रागाच्या भरात माझा घोडा फुकट घालवला. संध्याकाळी तिला सगळ्यांसमोर बोललो. तिचे वडील तेव्हा गप्प होते. दुसऱ्या दिवशी म्हणाले, ‘सर, तुमच्यासारखा ग्रँडमास्टर शिकवतोय, मग हिचं अडतंय कुठे?’

आई म्हणते, खेळ सोडू नकोस. जुने सोबती विचारतात, ‘अजून खेळतोस का?’ मला उत्तर देता येत नाही. खेळाडू म्हणून मी संपलो आणि प्रशिक्षक म्हणूनही जमत नाही, असं वाटतं. पूर्णवेळ शिकवण्याकडे वळू, की हे सोडून पुन्हा खेळाला लागू? (कृपया नाव छापू नये.)

* * *

प्रिय मित्र,

पत्र तुम्ही मनापासून लिहिलंत, म्हणून मीही आडपडदा न ठेवता लिहितो. खेळायचं की शिकवायचं, हा तुमचा प्रश्न आहे. त्याच्याकडे येतोच. पण पत्र वाचताना माझं लक्ष आधी दुसरीकडेच गेलं. पत्रात २४वी चाल आहे, तुमचा गेलेला घोडा आहे, रेटिंग शेवटच्या आकड्यापर्यंत आहे. त्या चालीला मुलीच्या घड्याळात किती मिनिटं उरली होती, ते मात्र कुठेच नाही. ‘वजीर का मारलास?’ असं विचारल्यावर ती काय म्हणाली, तेही नाही. तुम्ही तिला सांगितलंत हे आहे, तिला पटलं हे आहे. तिचं स्वतःचं एकही वाक्य पत्रात नाही.

दोष काढायचा म्हणून हे लिहीत नाही. मी आंतरराष्ट्रीय मास्टर पदावर, ग्रँडमास्टरच्या एक पायरी खाली, थांबलो. ग्रँडमास्टरचे दोन नॉर्म (पदासाठी स्पर्धेत करावी लागणारी ठरावीक कामगिरी) झाले, तिसरा झालाच नाही. गेली पंचवीस वर्षं शिकवतोय, आणि त्यांतली पहिली तीन-चार वर्षं अगदी हेच करत होतो. त्या काळातली एक गोष्ट सांगतो.

माझ्याकडे दहा वर्षांचा एक मुलगा होता. आम्ही हत्तीच्या एंडगेममधला, म्हणजे डावाच्या शेवटच्या टप्प्यातला, फिलिदोरचा बचाव करत होतो. तुम्हाला तो झोपेतून उठवून विचारला तरी येईल, पण इतर वाचकांसाठी पट मांडतो (घराच्या नावात अक्षर उभ्या रांगेचं, आकडा आडव्या रांगेचा). काळा राजा ई८वर. पांढरा राजा डी५वर, त्याचं प्यादं ई५वर आणि हत्ती ए७वर. काळ्याचा हत्ती बी६वर पहारा देतोय, त्यामुळे पांढऱ्या राजाला सहाव्या रांगेत पाऊल टाकता येत नाही. शेवटी पांढरा कंटाळून प्यादं ई६वर ढकलतो. आता काळ्याने पहारा सोडायचा, हत्ती थेट बी१वर न्यायचा आणि मागून शह देत राहायचं. शहांपासून आडोसा म्हणून पांढऱ्या राजाला जे घर मिळालं असतं, तिथे आता त्याचंच प्यादं येऊन बसलंय. राजाला लपायला जागा नाही, डाव बरोबरीत.

मी प्यादं ढकललं. मुलाचा हात हत्तीकडे गेला, थांबला, परत मांडीवर आला. एक मिनिट गेलं, दोन गेली. त्याचे ओठ हलत होते, काहीतरी मोजत होता. मला राहवलं नाही. मीच त्याचा हत्ती उचलला, बी१वर ठेवला आणि म्हणालो, ‘अरे, इथे!’ मग पाच मिनिटं छान समजावलं. त्याने मान डोलावली. दोन आठवड्यांनी स्पर्धेत जवळपास तीच पोझिशन आली आणि तो हरला.

ती हार मी कधीच विसरून गेलो असतो. त्यानंतरचे सहा महिने मात्र विसरता येत नाहीत. शिकवणीत अवघड पोझिशन मांडली की तो एकदा पटाकडे पाहायचा आणि मग माझ्या चेहऱ्याकडे. दोन्ही हात मांड्यांखाली. उत्तर माझ्या भुवयांत शोधायचा. ही सवय मीच लावली होती.

हत्ती बी१वर जातो, हे मला कितीतरी वर्षांपासून ठाऊक होतं. पण तो पोरगा ओठ हलवत नेमकं काय मोजत होता, ते मला आजही ठाऊक नाही, कारण मी विचारलंच नाही. बी१ की बी२, एवढ्यावरच अडला असेल. किंवा ‘हत्ती सहाव्या रांगेवरून हलवायचा नाही’ असं आदल्या तासाला मीच सांगितलं होतं, ते मोडायला घाबरला असेल. पहिलं कारण असेल, तर दोन मिनिटं जास्त दिली असती की भागलं असतं. दुसरं असेल, तर त्याला नियमामागचा हेतू कळायला हवा होता. मी दोन्हींवर एकच औषध दिलं आणि ते एकालाही लागू पडलं नाही.

तुमच्या मुलीचंही असंच काहीसं असावं. ती वजिरांची अदलाबदल का करते? तुम्हाला तो खेळातला दोष दिसतो, म्हणून तुम्ही हल्ला कसा चालू ठेवायचा ते दाखवता. पण कारण घड्याळ असू शकतं. ९० मिनिटं आणि चालीमागे ३० सेकंद अशा डावात हल्ला उभारण्यातच तिची सगळी मिनिटं संपत असतील आणि चार-पाच मिनिटं उरल्यावर पटावर दोन्ही वजीर असण्याचीच तिला धास्ती वाटत असेल. मग शिकवायला हवं ते सुरुवातीच्या पंधरा चालींत वेळ कसा राखायचा ते. कारण जुनंही असू शकतं. ‘आपण पुढे असलो की मारामारी करून पट मोकळा करायचा’ असं सहा-सात वर्षांची असताना कुणीतरी शिकवलं असेल, आणि तिच्या मते ती चांगल्या विद्यार्थिनीसारखी वागतेय. किंवा पाच चालींची आकडेमोड तिला येते, पण तिसऱ्या चालीनंतर पट डोळ्यांसमोर धूसर होतो आणि तिला ते सांगायची लाज वाटते. आणखी एक शक्यता आहे, ती लिहिताना मलाच जड जातंय. तुम्ही सारखे तिच्या पटाकडे जात होतात. बारा वर्षांच्या मुलीला सर मागे उभे आहेत हे कळतं. सरांना काय आवडेल, सर रागावतील का, हा विचार डोक्यात आल्यावर हल्ला चालू ठेवायला मोठी छाती लागते. वजीर मारला की निदान प्रश्न मिटतो.

यांपैकी कुठलं खरं, ते मला इथे बसून कळणार नाही. तुम्हालाही अजून कळलेलं नाही. ते तिच्याकडे आहे.

उत्तम खेळाडूला शिकवणं अवघड का जातं, याबद्दल माझा अनुभव सांगतो. तुमच्या खेळातली पुष्कळशी समज आता विचाराच्या रूपात उरलेलीच नाही. पट पाहिला की दोन-तीन चाली आपोआप समोर येतात, बाकीच्या येतच नाहीत. नवव्या-दहाव्या वर्षी त्यांतल्या एकेका गोष्टीसाठी तुम्हीही ओठ हलवत बसला असाल, पण ते आता आठवत नाही. म्हणून ‘हिला का दिसत नाही?’ असा राग येतो. तुम्हाला स्वतःची पायवाट आठवत नाही आणि तिला ती अजून सापडलेली नाही. माझ्यासारख्या नॉर्म हुकलेल्याला ती थोडी जास्त आठवते, कारण मी तिच्यावर अनेकदा पडलो. पण तुमच्याकडे जे आहे ते माझ्याकडे कधीच नव्हतं. एखादी चाल मुलाने सुचवली की ती खरोखर किती खोल आहे, हे तुम्ही इंजिन (चाली तपासणारा संगणक प्रोग्रॅम) न लावता सांगू शकता. ते हातचं सोडू नका.

रशियन प्रशिक्षक मार्क द्वोरेत्स्कींचं काम तुम्ही पाहिलं असेलच. १९७३ साली मॉस्कोचे विजेते, १९७५ साली आंतरराष्ट्रीय मास्टर. खेळत राहिले असते तर फार पुढे गेले असते असं त्यांच्या बरोबरीचे मानत. त्यांनी ऐन उमेदीत शिकवणं निवडलं. व्हॅलेरी चेखोव्ह १९७५ साली, आर्तुर युसुपोव्ह १९७७ साली आणि सर्गेई दोल्मातोव्ह १९७८ साली ज्युनियर जगज्जेते झाले. तिघंही त्यांचे विद्यार्थी. द्वोरेत्स्की निवडक पोझिशनी कार्डांवर उतरवून ठेवत आणि ज्या विद्यार्थ्याची जी उणीव, तिच्यावरची कार्डं त्याच्यापुढे ठेवत. म्हणजे आधी उणीव नेमकी ओळखायची, मग कार्ड शोधायचं. आपण बहुतेक जण उलट करतो. आपल्याला आवडलेली सुंदर पोझिशन हाताशी असते, ती आलेल्या प्रत्येक मुलासमोर मांडतो.

आणि हा माणूस ग्रँडमास्टर नव्हता. त्या मुलीच्या वडिलांना तुम्ही हे सांगावं असं मी म्हणत नाही, पण तुम्ही स्वतः ध्यानात ठेवा. ग्रँडमास्टर पदासाठी नॉर्मचे किमान २७ डाव आणि एकदा २५०० रेटिंग गाठावं लागतं. त्यांतल्या एकाही डावात ‘समोरच्या मुलाला काय दिसतंय?’ हा प्रश्न आला नव्हता. तुम्ही या कामात नवे आहात. दोन वर्षांचे नवे. बावीस वर्षांच्या नव्या ग्रँडमास्टरशी तुम्ही जितक्या सबुरीने बोलाल, तितक्याच सबुरीने स्वतःशी बोला. फिडेचे, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाचे, प्रशिक्षकांसाठी वर्ग असतात, पाच पातळ्यांची पदं आहेत, सर्वांत वर सीनियर ट्रेनर. वर्ग जरूर करा. तिथे मिळणाऱ्या पदापेक्षा एक गोष्ट मोलाची वाटेल, आपल्यासारखेच अडलेले दहा-वीस जण तिथे भेटतात.

आता तुमचा प्रश्न. ‘खेळाडू म्हणून संपलो, म्हणून शिकवतोय’ ही जी मांडणी तुम्ही केली आहे, ती आधी मोडायला हवी. आर. बी. रमेश २००७ साली राष्ट्रकुल विजेते झाले आणि पुढच्याच वर्षी पत्नी आरती रामस्वामींबरोबर त्यांनी अकादमी काढली. हरून शिकवायला लागलेला हा माणूस नव्हे. प्रज्ञानंद आणि वैशाली ही बहीण-भावंडं त्यांच्या हाताखाली घडली. रुस्तम कासिमजानोव्ह तर २००४ साली फिडेचे जगज्जेते झालेले. पुढे २००८, २०१० आणि २०१२ च्या जगज्जेतेपदाच्या लढतींसाठी ते विश्वनाथन आनंद यांच्या तयारीच्या चमूत होते. स्वतः मुकुट घातलेला माणूस दुसऱ्याच्या ओपनिंगसाठी, डावाच्या सुरुवातीच्या चालींसाठी, रात्र-रात्र जागला.

तरीही तुम्हाला दुःख होतंय, आणि ते खरं आहे. वयाच्या सहाव्या-सातव्या वर्षापासून ज्या गोष्टीने तुमची ओळख बनली, ती हातून सुटतेय. कुणी ‘शिकवणं हेही थोर काम आहे’ असं म्हणून त्यावर पांघरूण घातलं तर ऐकू नका. मला तिसरा नॉर्म मिळणार नाही हे ज्या वर्षी कळलं, त्या वर्षी मी पट उघडायचा तो फक्त विद्यार्थ्यांसाठी. स्वतःचा एकही जुना डाव मांडवत नव्हता. ते वर्ष मी कुणापाशी बोललो नाही आणि ते सगळं मुलांवर निघालं. तुम्ही निदान हे पत्र लिहिलंत. घरी आईशीही असंच बोला. ‘खेळ सोडू नकोस’ म्हणताना ती बहुधा रेटिंगचं बोलत नसेल. पटावर बसलेला तुमचा चेहरा तिने वर्षानुवर्षं पाहिलाय, तो हरवलाय असं तिला वाटत असेल.

रेटिंगचा हिशेब मात्र कोरडेपणाने करा. एकदा २४०० ओलांडलं की तुमचा के-गुणांक (एका डावाने रेटिंग किती हलतं ते ठरवणारा आकडा) कायमचा १०. बरोबरीच्या खेळाडूला हरवलंत तर ५ गुण. १८ वर्षांच्या आतल्या आणि २३०० खालच्या मुलांचा गुणांक ४०. २२०० च्या एखाद्या चौदा वर्षांच्या मुलाशी तुमची बरोबरी झाली की तुमचे तीनेक गुण जातात आणि त्याला बारा-तेरा मिळतात. तो मुलगा खरं तर २४००च्या ताकदीचा असतो, आकडा मागाहून येतो. असे दहा-पंधरा डाव झाले की तुमचे ४० गुण कुठे गेले ते कळतं. गेलेले ८७ गुण परत आणायचे तर बरोबरीच्या खेळाडूंविरुद्ध हरण्यापेक्षा सतरा-अठरा डाव जास्त जिंकावे लागतील, आणि तेही ओपनिंगची तयारी रोज पाच-सहा तास करून. आठ मुलांना शिकवत असताना हे होत नाही. कुणालाच झालेलं मी पाहिलेलं नाही. ग्रँडमास्टर हे पद आयुष्यभराचं आहे, ते कुणी काढून घेत नाही. तेव्हा ८७ गुणांसाठी पुन्हा उडी घ्यायचीच असेल, तर दीड-दोन वर्षांसाठी शिकवणं बंद करून घ्या, उत्पन्नाची सोय आधी लावून घ्या, आणि मुलांना स्पष्ट सांगून दुसऱ्या चांगल्या प्रशिक्षकाकडे सोपवा. अर्धं-अर्धं करू नका.

पण तुमच्या पत्रातून मला तसं वाटत नाही. दुसऱ्याच्या पटावरच्या २४व्या चालीने ज्याचा स्वतःचा घोडा जातो, त्याचं मन कुठल्या पटावर आहे हे उघड आहे. शिकवा. पूर्णवेळ शिकवा. आणि वर्षातून एक-दोन स्पर्धा खेळा, तुमचे विद्यार्थी नसतील अशा. गुणांसाठी नको. पाचव्या तासाला पोटात जो गोळा येतो, वेळ संपत आल्यावर घशाला जी कोरड पडते, ती प्रशिक्षकाने विसरू नये म्हणून. ती विसरलेला प्रशिक्षक ‘एवढं सोपं कसं चुकलास?’ असं सहज बोलून जातो. सोबत्यांनी विचारलं, ‘अजून खेळतोस का?’ तर सांगा, ‘वर्षाला दोन स्पर्धा खेळतो, बाकी वेळ शिकवतो.’ पहिल्या दोन-तीन वेळा आवाज हलेल. मग हलणार नाही.

विद्यार्थ्यांबरोबर एकाच हॉलमध्ये मात्र पुन्हा खेळू नका. प्रशिक्षक म्हणून गेलात तर त्यांच्या पटामागे उभंही राहू नका. सांघिक स्पर्धांत कर्णधाराला जो नियम असतो तो मला फार शहाणपणाचा वाटतो. बरोबरी मागावी का, स्वीकारावी का, डाव सोडावा का, एवढं तो खेळाडूला सुचवू शकतो. पटावरच्या स्थितीबद्दल अवाक्षर काढता येत नाही. २०२४ साली बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये भारताने दोन्ही सुवर्णपदकं जिंकली तेव्हा खुल्या संघाचे कर्णधार श्रीनाथ नारायणन होते आणि महिला संघाचे अभिजित कुंटे. दोघंही ग्रँडमास्टर. प्रत्येक फेरीला पाचांतल्या एकाला बाहेर बसवायचं, त्याला ते नीट सांगायचं, आणि मग चार पटांच्या मागे तासन्‌तास गप्प फिरायचं. सगळं दिसत असताना गप्प राहायचं. ग्रँडमास्टरला याहून कठीण काम दुसरं नसेल.

इंजिनबद्दल दोन शब्द. डाव संपल्या संपल्या मुलं मोबाइलवर इंजिन लावतात आणि ‘२४व्या चालीला प्लस दोन होतं’, म्हणजे दोन प्याद्यांइतकी आघाडी होती, असं म्हणतात. त्या आकड्यानंतर मूल स्वतःचा विचार आठवत नाही. आठवलाच तर तो आकड्याला जुळेल असा आठवतो. गुकेश लहानपणी विष्णू प्रसन्न यांच्याकडे शिकला, तेही ग्रँडमास्टर. ग्रँडमास्टर होईपर्यंत गुकेशला त्यांनी इंजिनपासून जवळजवळ दूरच ठेवलं होतं. प्रत्येकाने तसंच करावं असं नाही, पण निदान आधी मुलाने स्वतःच्या तोंडाने डाव सांगावा आणि इंजिन नंतर यावं, एवढा क्रम पाळा. माहिती आता सगळ्यांच्या खिशात आहे. ती देण्यासाठी त्या मुलीला तुमची गरज नाही. ती बोलत असताना, ‘इथे तू विचार थांबवलास’ हे ओळखणारा माणूस तिला हवाय.

पुढे-मागे तुम्हाला मोठ्या खेळाडूचं सेकंड, म्हणजे तयारीतला मदतनीस, म्हणून काम करावंसं वाटेल. त्याची तयारीही इथूनच होते. ते जग वेगळं आहे, विश्वासावर चालणारं. डेन्मार्कचे पीटर हेन निल्सन अनेक वर्षं आनंद यांच्याबरोबर होते, नंतर मॅग्नस कार्लसनकडे गेले. २०१३ साली चेन्नईत या दोघांचीच जगज्जेतेपदाची लढत झाली तेव्हा ते कुणाच्याच बाजूने कामाला बसले नाहीत. एका खेळाडूच्या भीती, सवयी, वह्या ज्याला माहीत आहेत, त्याने तोंड कुठे बंद ठेवायचं हे त्यालाच कळायला लागतं. आठ मुलांच्या बाबतीतही तेच आहे. कुणाला वेळेची भीती वाटते, कोण हरल्यावर रडतं, हे दुसऱ्या मुलासमोर किंवा त्याच्या पालकांसमोर येता कामा नये.

म्हणूनच त्या संध्याकाळबद्दल लिहितो. सगळ्यांसमोर बोललात, ते चुकलं. तिची माफी मागा. ‘मी रागावलो कारण तुझ्याकडून अपेक्षा आहेत’ अशी नको, त्यात दोष पुन्हा तिच्यावरच जातो. ‘मी सगळ्यांसमोर बोललो, ते चुकलं’ एवढंच, आणि शक्य असेल तर त्याच मुलांसमोर. वडिलांना सांगा की अडतंय कुठे हे मलाही अजून कळलेलं नाही, तीन महिने द्या, या काळात रेटिंग विचारू नका. ग्रँडमास्टरच्या तोंडून ‘मला कळलेलं नाही’ ऐकल्यावर काही पालक दुसरीकडे जातात. जे थांबतात त्यांच्याबरोबर काम करता येतं. नवे विद्यार्थीही इतक्यात घेऊ नका. आठ पुष्कळ आहेत.

आता पुढचा तास कसा घ्यायचा ते सांगतो. लॅपटॉप बंद. तिचाच तो डाव लाकडी पटावर मांडा, २३व्या चालीपर्यंत. तिची नोंदवही शेजारी ठेवायला सांगा. चालींसमोर घड्याळातली वेळ लिहिलेली नसेल तर आजपासून लिहायला सांगा, दर पाच चालींनी लिहिली तरी चालेल. मग विचारा, ‘इथे तू काय काय पाहिलंस?’ आणि थांबा. तुमचे हात टेबलाखाली असू द्या, तिचे वर. पहिलं उत्तर येईल, ‘काही नाही, मला वाटलं बरोबर आहे.’ तरीही थांबा. शांततेची तिला सवय नाही, तुमच्याकडे पाहील. तुम्ही पटाकडे पाहा. ती चुकीची चाल दाखवेल, ती खेळू द्या, तिच्याच हाताने पुढे नेऊ द्या. ती म्हणेल ते शब्द तसेच्या तसे वहीत उतरवा, तुमच्या भाषेत सुधारून नव्हे. वीस मिनिटं फक्त एवढंच. त्या वीस मिनिटांत तुमच्या तोंडून एकही चाल निघणार नाही याची काळजी घ्या. जीव तुटेल, माहितीये मला. असे तिचे पंचवीस-तीस डाव झाले की त्या वहीत एक-दोन वाक्यं पुन्हा पुन्हा येताना दिसतील. कार्डं त्यानंतर शोधायची.

पुढच्या पत्रात घड्याळात किती मिनिटं होती ते लिहा. आणि ती काय म्हणाली ते, तिच्याच शब्दांत.

तुमचा,
सल्लागार